प्रेअरी लावताय? मुळांवरच्या गाठींबाबत या चुका टाळा

इकडे अमेरिकेच्या मिडवेस्टात लॉन काढून प्रेअरी (देशी गवतं-रानफुलांचं माळरान) लावणाऱ्या मंडळींची ठरलेली तक्रार असते : "महागाचं बी आणलं, जिवाणूंचं पाकीटही चोळलं, तरी मुळांवर गाठी नाहीत." शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवरच्या या गाठींत जिवाणू राहतात आणि हवेतला नत्र झाडाला मिळवून देतात. गाठी नसतील तर बियाण्याला दोष देण्याआधी जमिनीत काय ओतलंय ते आठवा.

खत हीच सगळ्यात मोठी चूक. लॉनची सवय सुटत नाही, मग युरिया नाहीतर पोतंभर कंपोस्ट पडतंच. हवेतल्या नत्राचा एक रेणू फोडायला जिवाणूंना किमान 16 एटीपी (पेशीतले ऊर्जा पुरवणारे रेणू) लागतात आणि ती सगळी ऊर्जा झाडाच्या साखरेतून येते. आयता नत्र मिळत असताना झाड हा खर्च कशाला करेल? ते गाठी धरतच नाही. शिवाय कमी नत्रात निभावून नेणं हेच प्रेअरीचं बळ. खत पडलं की तण माजतं.

पाकीट घेताना झाडाचं नाव वाचा. सोयाबीनचे जिवाणू जांभळ्या प्रेअरी क्लोव्हर या शेंगवर्गीय रानफुलाला चालत नाहीत आणि खऱ्या क्लोव्हरचेही नाहीत, कारण ते नावापुरतंच क्लोव्हर आहे. न्यू जर्सी टी हे झुडूप तर शेंगवर्गीयच नाही, आपल्या बोरीच्या कुळातली. तिच्या मुळांवर फ्रँकिया नावाचे जिवाणू असतात, तिथे रायझोबियम (शेंगवर्गीयांचे जिवाणू) चोळणं फुकट. पाकीट तापलेल्या गाडीत ठेवू नका; चोळलेलं बी सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा.

गाठी बघायला रोप उपटू नका, त्या तुटून मातीतच राहतात. ढेकळासकट खणून काढा, बादलीत भिजू द्या. त्यासाठी पार्ट्रिज पी ही प्रेअरीतली शेंगवर्गीय वनस्पती उत्तम : वर्षायू आहे, फुलोऱ्याच्या सुमारास बघायचं. (तरवडाच्या गोतावळ्यातलं हे झाड गाठी धरतं, तरवड मात्र धरत नाही!) गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल दिसलं तर काम चालू आहे. तो रंग गाठीतल्या लेगहिमोग्लोबिन या प्रथिनाचा. पांढरी असेल तर कच्ची किंवा निकामी, हिरवट असेल तर संपलेली. नखाने सुटतच नसेल, मूळच फुगलेलं असेल, तर सूत्रकृमींचा (मुळांत शिरणाऱ्या बारीक जंतांचा) संशय घ्या.

बिग ब्लूस्टेमसारख्या गवतांवर गाठी शोधत बसू नका. त्यांच्या मुळांभोवतीचे जिवाणू गाठींविनाच थोडाफार नत्र बांधतात. शेंगवर्गीयांचा नत्रही गवताला मुख्यतः मुळं-पानं कुजल्यावरच मिळतो, पहिल्याच हंगामात नाही.