आत्यासाठी प्राजक्ताचं कार्ड, घरातल्याच सामानातून

माझी आत्या साताऱ्याला असते आणि तिचा वाढदिवस तिथीने, कोजागिरीला. यंदा तिला ७५ पूर्ण होतायत. तिच्या कार्डासाठी मी नियम केला की नवीन काही आणायचं नाही. पुण्यातल्या बोहरी आळीच्या बाजारात शिरलं की हात आवरत नाही, आणि घरातले दोन खण कागद, टेप आणि शाईच्या पॅडांनी आधीच भरलेत.

सुरुवात पाकिटापासून करा. आधी कार्ड केलं तर मापाचं पाकीट शोधत बसावं लागतं. माझ्याकडे ११४ बाय १६२ मिलिमीटरची पाकिटं होती. त्यात ए-सहा, म्हणजे १०५ बाय १४८ चं कार्ड आरामात बसतं. त्यासाठी २१० बाय १४८ चा तुकडा कापून मधोमध दुमडायचा.

कागद शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून कधीतरी आणलेला, अर्धा ताव उरलेला. हातकागद कुठल्याही बाजूने सारखाच दुमडतो. तुमच्याकडे गिरणीचा जाड कागद असेल तर न मोडता दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा. ज्या दिशेने सहज वाकतो तीच घडीची दिशा. उलट दुमडलात तर कडेला भेगा पडतात. घडीच्या रेघेवर स्टीलची पट्टी ठेवून शाई संपलेलं बॉलपेन दाबून ओढा, मग दुमडा आणि चमच्याच्या पाठीने घोटा.

आत्याच्या परसात प्राजक्त आहे, म्हणून ठसा प्राजक्ताचाच हवा होता. पण फूल पांढरं, ते पांढऱ्या कागदावर दिसणार कसं? खणात एक जुनी लग्नपत्रिका सापडली. पुढून चकचकीत, मागून गर्द हिरवी आणि खडबडीत. पत्रिका टाकू नका. चकचकीत बाजूवर शाई धरत नाही, फिसकटते, पण मागची बाजू बहुतेक वेळा उत्तम निघते. त्यातून ८५ बाय १२५ चा तुकडा कापला.

ठशासाठी मोठं पांढरं खोडरबर घ्या. बटर पेपरवर पेन्सिलीने दोन सेंटिमीटरचं फूल काढा, कागद खोडरबरावर पालथा ठेवून नखाने घासा. चित्र उलटं उतरतं आणि ठसा उठवला की सुलट येतो. अक्षरं कोरायची असतील तर ही युक्ती सोडू नका. प्राजक्ताच्या पाकळ्या चक्रीसारख्या एका बाजूला वळलेल्या असतात आणि टोकाला खाच असते. ते वळण साधलं नाही तर फूल मोगऱ्याचं वाटतं, म्हणून इथे घाई नको. कटरचं पातं बाहेरच्या बाजूला उतरतं धरा, म्हणजे पाकळीचा पाया रुंद राहतो. पातं आत वळलं की पाकळी दाबताना तुटते.

आता रंग. पांढरा पोस्टर कलर जवळजवळ पाणी न घालता स्पंजच्या तुकड्याने ठशावर टिपायचा. ठसा रंगात बुडवला तर खाचा भरतात आणि सगळा डाग होतो. खाली जुनं मासिक ठेवा. ठसा सरळ टेका, सगळीकडे सारखा दाबा, डोलवू नका, सरळ वर उचला. रंग ठशावर लगेच वाळतो, त्यामुळे चार-पाच फुलांनंतर ठसा धुवा. पहिली दहा फुलं रद्दीवरच उठवा. हाताला दाब कळतो तो तिथे.

सडा खाली दाट आणि वर विरळ ठेवा. दोन-तीन फुलं अर्धी कडेबाहेर जाऊ द्या. त्यासाठी तुकड्याखाली रद्दी हवी. पांढरं पूर्ण वाळल्यावर पेन्सिलीच्या मागच्या रबराने केशरी ठिपका मधोमध द्या. त्या ठिपक्यासरशी प्राजक्त ओळखू येतो. मला तरी त्या क्षणी आत्याचं अंगण आठवलं, पहाटे परकराच्या ओच्यात फुलं गोळा करतानाचं.

हिरवा तुकडा दुहेरी टेपने चिकटवा. मागे एकदा मी पांढरा गोंद लावला होता आणि सकाळपर्यंत अख्खं कार्ड पापडासारखं वळलं होतं.

माझ्याकडच्या अक्षरांच्या ठशांच्या पेटीत देवनागरी नाही. त्यामुळे आत कट निबने, म्हणजे तिरक्या कापलेल्या टोकाच्या निबने लिहिलं, ‘जीवेत् शरदः शतम्’. शरद पौर्णिमेच्या वाढदिवसाला याहून चपखल काय असणार! हातकागदावर शाई फुटते, म्हणून आधी त्याच कागदाच्या कातरणीवर एक ओळ लिहून बघा. फुटलीच, तर पेन्सिलीने लिहा. तेही सुरेख दिसतं.

पाकिटावरचा पत्ता कार्ड आत घालण्याआधी लिहा. नंतर लिहिलात तर पेनचा दाब फुलांवर उमटतो.