विश्वामित्रीचं पाणी दारात येण्याआधी

पावागड हा लाव्हारसाच्या थरांनी बनलेला डोंगर. तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झाला, त्यामुळे बडोद्याला ज्वालामुखीची धास्ती नाही. धास्ती आहे ती त्याच डोंगरातून निघणाऱ्या विश्वामित्रीची. डोंगराचा काळा खडक पाणी फारसं मुरू देत नाही. वर कोसळलेला पाऊस ओढ्यांतून, सूर्या नदीतून आणि आजव्याच्या सरोवरातून खाली येतो, आणि शहरात शिरल्यावर सपाट जमिनीवर वळणं घेत रेंगाळतो. पुढे ती ज्या ढाढर नदीला मिळते, तीच आधी भरून वाहत असेल तर विश्वामित्रीला पुढे सरकायला वाटच उरत नाही.

म्हणूनच बडोद्यात पूर अनेकदा पाऊस थांबल्यावर चढतो. ऑगस्ट 2024 मध्ये जन्माष्टमीच्या सुमारास हेच झालं. नदी काळ्या घोड्याच्या पुलापाशी 35 फुटांच्या वर गेली आणि पाऊस ओसरल्यावरही अनेक सोसायट्या पाण्यात होत्या. उघडीप पडली की आपण निर्धास्त होतो, पण आवराआवरीचे खरे तास तेव्हाच सुरू होतात.

कोणता आकडा बघायचा

पावसाळ्यात रोज दोन आकडे कानावर येतात. गुजराती बातम्यांत त्यांना ‘सपाटी’ म्हणतात. एक काळ्या घोड्याचा. तिथे 26 फूट ही धोक्याची पातळी आहे. दुसरा आजव्याचा, तो 211, 212 असा असतो. हा मोठा आकडा म्हणजे तळ्यातल्या पाण्याची खोली नव्हे, ती समुद्रसपाटीपासूनची फुटांतली उंची, आणि त्याची नदीच्या आकड्याशी वजाबाकीही करायची नाही. आजव्याचा आकडा वाढत असेल किंवा पाणी सोडल्याची बातमी आली, तर पुढच्या काही तासांत काळ्या घोड्याचा आकडा चढणार, एवढंच त्यातून समजून घ्यायचं.

धोक्याची पातळी शहरासाठी आहे, तुमच्या घराची वेगळी असते. मुजमहुडा, वडसर, परशुराम भठ्ठा इथल्या नदीकाठच्या घराला जो आकडा जड जातो, तो मांडवीतल्या वाड्याला जाणवणारही नाही. मागच्या पुरात पाणी सोसायटीच्या फाटकाशी आलं तेव्हा काळ्या घोड्याला किती फूट होतं, ओट्याशी आलं तेव्हा किती होतं, हे जुन्या शेजाऱ्यांना विचारा आणि मीटरच्या पेटीच्या दारावर आतून लिहून ठेवा. फाटकाच्या आकड्याच्या तीन फूट आधी आवरायला लागायचं. रात्री नऊला आकडा चढता असेल तर सकाळवर ढकलू नका, अंधारात गुडघाभर पाण्यातून सामान हलवणं फार अवघड जातं.

31 जुलै 2019 चा अनुभव मात्र याला अपवाद. त्या दिवशी शहरावरच सुमारे 20 इंच पाऊस पडला आणि नदी चढण्याआधीच गटारं तुंबून पाणी घरात शिरलं. एवढा पाऊस कोसळत असेल तर आकड्याची वाट पाहायची नाही.

आधी वाहनं, मग गॅस, मग वीज

हा क्रम मुद्दाम दिला आहे. गाडी रस्ता कोरडा असेपर्यंतच निघते, म्हणून ती पहिली. उंचावरच्या ओळखीच्या सोसायटीत जागा आधीच विचारून ठेवा. ऐनवेळी पुलांवर गाड्या लावतात आणि मग रुग्णवाहिकेलाही वाट राहत नाही. गाडी काढता आली नाही आणि बुडाली, तर पाणी उतरल्यावर किल्ली फिरवून बघायचा मोह टाळा. इंजिनच्या सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. असं बिघडलेलं इंजिन साध्या विम्यात सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिनचं वेगळं संरक्षण घेतलेलं लागतं. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, फोटो घ्या आणि गाडी ओढूनच न्या.

गॅसबद्दल एक मोठा गैरसमज आहे. रिकामा सिलिंडर तरंगतो, भरलेला जड म्हणून जागेवर राहतो, असं बहुतेकांना वाटतं. घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस आणि साधारण 15 ते 16 किलो लोखंड असतं, म्हणजे एकूण तीसेक किलो. पण तो पूर्ण बुडाला तर 33 लिटरहून जास्त, म्हणजे 33 किलोहून जास्त पाणी बाजूला सारतो. त्यामुळे भरलेलाही तरंगतो, आडवा होतो आणि रबरी नळी उपटून काढतो. रेग्युलेटर बंद करून काढा, तोंडावर दोरीची सुरक्षा टोपी घट्ट दाबून बसवा, आणि सिलिंडर उभाच ठेवून खिडकीच्या जाळीला खाली-वर दोन ठिकाणी सुती दोरीने बांधा.

वीज बंद करायची ती पाय कोरडे असताना. मेन स्विच बंद केला की घर सुरक्षित झालं असं समजू नका. इन्व्हर्टर बॅटरीवर चालू राहतो आणि त्याची तार भिंतीतल्या प्लगपर्यंत गेलेली असते. इन्व्हर्टर त्याच्या बटणावरून बंद करा, प्लग काढा, मग बॅटरीची आधी निगेटिव्ह आणि नंतर पॉझिटिव्ह तार सोडवा. बॅटरी 50 ते 60 किलोची असते, उचलायला दोघं लागतात. गच्चीवर सोलर असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. ऊन असेपर्यंत पॅनेलपासून येणारी तार जिवंतच असते, घरातला मेन बंद असो वा नसो. तिचा डीसी स्विच वेगळा बंद करावा लागतो, आणि सोलरचा इन्व्हर्टर खाली भिंतीवर बसवलेला असेल तर तिथवर पाणी येण्याआधी. स्विच बंद केल्यावरही पॅनेलपासून स्विचपर्यंतच्या तारेला हात लावू नका. लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करायची. पाणी मीटरच्या पेट्यांपर्यंत पोचलं असेल तर त्यांच्याकडे फिरकू नका, वीज कंपनीला कळवून पुरवठा बंद करून घ्या.

घरात पाणी कुठून शिरतं

बहुतेक जण दारात वाळूच्या पिशव्या रचतात आणि पाणी मोरीतून वर येतं. नदी चढली की ड्रेनेजची लाइन उलटी वाहते, आणि तळमजल्याचं संडासचं भांडं हे तिचं सगळ्यात खालचं तोंड असतं. जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या एकात एक घालून त्यात वाळू भरा, तोंड बांधा आणि ती भांड्यात दाबून बसवा. मोरीच्या जाळीवर प्लास्टिक, त्यावर ओलं फडकं आणि त्यावर वाळूची पिशवी. कायमचा उपाय म्हणजे शेवटच्या चेंबरपाशी एकाच दिशेने उघडणारी झडप. ती उन्हाळ्यात बसवून घ्यावी आणि दर जूनमध्ये उघडून साफ करावी, कारण आत एक चिंधी अडकली तरी ती मिटत नाही.

दारातल्या पिशव्या निम्म्याहून थोड्या जास्तच भरा. गच्च भरलेली पिशवी दगडासारखी गोल होते आणि दोन पिशव्यांमधल्या फटीतून पाणी येतं. तोंड न बांधता खाली दुमडा, विटांसारखे सांधे चुकवत रचा, प्रत्येक थर पायाने चेपा, आणि बाहेरच्या अंगाला प्लास्टिकचा कागद खालच्या थराखाली दाबून घ्या. दोन फुटांपर्यंतच पाणी अडवायचं. त्याहून जास्त चढलं तर आत येऊ द्या. बाहेर तीन-चार फूट आणि आत कोरडं असेल तर सगळा दाब भिंतीवर येतो, आणि फर्निचरपेक्षा भिंत महाग.

जमिनीखालची टाकी रिकामी ठेवू नका. प्लास्टिकची रिकामी टाकी भिजलेल्या जमिनीतून वर उचलली जाते आणि नळाचे सांधे तोडते. ती भरा, झाकणाभोवती प्लास्टिक गुंडाळून दोरीने आवळा, आणि वीज असेपर्यंत गच्चीवरची टाकीही भरून घ्या. माणशी दिवसाला 15 लिटर धरा, त्यातलं 3 लिटर पिण्याचं. चौघांना तीन दिवस म्हणजे 180 लिटर.

फ्रिजही तरंगतो. त्याचा कॉम्प्रेसर तळाशी असतो, म्हणून तीन फूट उचलला तरी बहुतेक वेळा वाचतो. उचलणं शक्य नसेल तर रिकामा करून जाळीला उभाच बांधा. प्लायवूडचं कपाट फुगतं आणि त्याचे खण उघडत नाहीत, तेव्हा खालचे खण पूर्ण ओढून पलंगावर ठेवा. कागदपत्रं, औषधं आणि चष्मे एका पिशवीत घालून ती पिशवी घरातल्या ठरलेल्या माणसाकडे द्या. पूर बरेचदा गणपतीच्या तोंडावर येतो. 2024 ला तर चतुर्थी जेमतेम दहा दिवसांवर होती. मखर, समया आणि आणून ठेवलेली मूर्ती माळ्यावर चढवा. शाडूची मूर्ती नुसत्या ओलीनेही खचते.

मगर

विश्वामित्रीतल्या मगरी पुरात वाहून जात नाहीत, त्या कडेच्या शांत पाण्याकडे सरकतात. कडेचं शांत पाणी म्हणजे सोसायटीचं पार्किंग, बागेची भिंत, जिन्याखालची जागा. गढूळ पाण्यात फक्त नाकपुड्या आणि डोळे वर असतात, तेही तरंगणाऱ्या नारळाच्या करवंटीएवढे दिसतात. अंधारात पाण्यात उतरू नका. दिवसा उतरावंच लागलं तर पुढे काठी आपटत चाला, मुलं आणि कुत्री वरच्या मजल्यावर ठेवा. पाणी उतरल्यावरही दोन दिवस गाडीखाली आणि उघड्या चेंबरमध्ये टॉर्च मारूनच वाका. मगर दिसली तर 30 फूट लांब राहा, तिच्या आणि पाण्याच्या मधे उभे राहू नका, गर्दी जमू देऊ नका, आणि वनखात्याला कळवा. कायद्याने ती संरक्षित आहे, दगड मारणं हा गुन्हा आहेच, शिवाय डिवचलेली मगर माणसाच्याच अंगावर येते.

साप चावला तर आवळून बांधू नका, कापू नका. हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवा आणि सयाजी इस्पितळ गाठा. रुग्णवाहिकेसाठी 108, सुटकेसाठी 112, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षासाठी 1077. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची सहावी तुकडी जवळच जरोदला आहे, पण मदत नियंत्रण कक्षातूनच येते. पत्ता सांगताना सोसायटीचं नाव, मजला, माणसं किती, त्यात आजारी आणि म्हातारी किती, एवढं एका दमात सांगा.

पाणी उतरताना

चिखल ओला असतानाच पाण्याबरोबर बाहेर ढकला. वाळला की फावड्यानेही सुटत नाही. तळघर मात्र घाईने उपसू नका. बाहेरची माती भिजलेली असते आणि आतला आधार गेला की भिंत आत येते. दिवसाला एक तृतीयांश पाणी काढा.

फरशी धुऊन झाल्यावर एक लिटर पाण्यात 15 ग्रॅम ब्लीचिंग पावडर घालून पुसा. त्यात ॲसिड किंवा संडास साफ करायचं द्रव मिसळू नका, विषारी वायू होतो. जमिनीखालच्या टाकीत पुराचं पाणी गेलं असेल तर ती उपसून, घासून पुन्हा भरा, 1000 लिटरला 150 ग्रॅम पावडर घाला, 12 तास ठेवा आणि सगळं ओतून द्या. पिण्यासाठी 20 लिटरला क्लोरीनची अर्ध्या ग्रॅमची एक गोळी टाकून अर्धा तास थांबा. गढूळ पाणी आधी गाळून घ्या, गाळात क्लोरीन वाया जातं. पायाला जखम असताना पुराच्या पाण्यात चाललेल्या माणसाला पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना पुराचं जरूर सांगा. लेप्टोचा ताप सुरुवातीला फ्लूसारखाच दिसतो.

भिंती धुण्याआधी एक काम करा. पाण्याने सोडलेली तपकिरी रेघ बारीक आणि सरळ असते. तिच्यावर ऑइलपेंटने बोटभर खूण करा, शेजारी तारीख आणि त्या वेळचा काळ्या घोड्याचा सर्वात वरचा आकडा लिहा, आणि मग मीटरच्या पेटीच्या दारावरचे आकडे दुरुस्त करा.