कॉमिक्सची कार्यशाळा घेताय? मग या चुका टाळा

शाळा सुटल्यानंतर आठवी-नववीच्या मुलांसाठी कॉमिक्सची कार्यशाळा घेणारे शिक्षक आणि हौशी चित्रकार आता बऱ्याच गावांत दिसतात, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र त्यांतल्या बहुतेक कार्यशाळांमधून शेवटी चित्रांची फाइल बाहेर पडते, कॉमिक बाहेर पडत नाही. कॉमिक हे वाचायचे असते आणि कार्यशाळेतला जवळजवळ प्रत्येक गोंधळ हे विसरल्यामुळे होतो. चित्रकलेचा तास थोडा वाढवला की कॉमिक्सची कार्यशाळा होते, असे समजणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

चित्र आधी, संवाद नंतर

ही माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक आहे. मुले चौकट आखतात, तिच्यात जीव ओतून चित्र काढतात, शाई फिरवतात आणि मग उरलेल्या जागेत संवादाचा फुगा कोंबतात. जागा अर्थातच उरलेली नसते.

एका तालुक्याच्या शाळेतल्या कार्यशाळेत नववीच्या एका मुलाने एसटीच्या कंडक्टरची सुंदर गोष्ट रचली होती. सुट्टे नसल्यामुळे कंडक्टर बाकी रक्कम तिकिटाच्या मागे लिहून देतो, प्रवासी ती घ्यायला विसरून उतरतो आणि कंडक्टर गाडी थांबवून त्याच्यामागे धावतो. मुलगा इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत ‘अ’ श्रेणी मिळवलेला होता. स्थानकाची गर्दी, फलाटाचे खांब, रसवंतीचे चाक, सगळे त्याने पाहून पाहून काढले होते. कार्यशाळा घेणाऱ्या सरांनी प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सगळ्यांना संवाद भरायला बसवले. शेवटच्या चौकटीत कंडक्टरच्या तोंडी ‘अहो काका, थांबा, केव्हापासून हाका मारतोय’ असे लांबलचक वाक्य होते, आणि मोकळी जागा दिसेना म्हणून त्याचा फुगा नेमका प्रवाशाच्या हातातल्या तिकिटावर बसला. गोष्टीचा उलगडा त्या तिकिटावर लिहिलेल्या आकड्यात होता. फलकापुढे उभे राहणारे पालक चित्राचे कौतुक करत आणि मग विचारत, की कंडक्टर धावतो आहे तो कशासाठी? आधीच्या चौकटीत तर प्रश्न विचारणारा प्रवासी उजवीकडे आणि उत्तर देणारा कंडक्टर डावीकडे होता, त्यामुळे उत्तर आधी वाचले जाई आणि प्रश्न नंतर. ‘वरून पांढरा कागद चिकटवून दुरुस्त करू’ असा उपाय सरांनी सुचवला. त्या ठिगळाखाली प्रवाशाचा अर्धा चेहराही गेला.

यावर माझी सवय अशी आहे, की मुलांना पहिल्यांदा संवाद वेगळ्या कागदावर, प्रत्यक्ष ज्या आकारात छापायचे त्या आकारात लिहायला लावायचे, त्याच्या चिठ्ठ्या कापायच्या आणि रिकाम्या चौकटीत त्या हलवून पाहायच्या. जो आधी बोलतो त्याची चिठ्ठी डावीकडे आणि वर, हे एवढे ठरले की पात्रांनी कुठे उभे राहायचे ते आपोआप ठरते. त्यानंतर अक्षरे, मग अक्षरांभोवती फुगा आणि सर्वांत शेवटी चित्र. मुले या क्रमावर नाराज होतात, कारण त्यांना चेहरा काढायची घाई असते. त्यांना नाराज होऊ द्यावे. मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स वाचणाऱ्या मुलांकडे मात्र थोडे अधिक लक्ष ठेवावे लागते. त्या पुस्तकांच्या अनेक इंग्रजी आवृत्त्या मुळाप्रमाणे उजवीकडून डावीकडे वाचायच्या असतात, आणि ही मुले मराठी संवादांचे फुगेही नकळत त्याच क्रमाने लावतात.

अक्षरांबाबत आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण इंग्रजी व्हिडिओ पाहून शिकवणारे ती हमखास चुकवतात. रोमन अक्षरे खालच्या रेषेवर बसतात, तर आपली देवनागरी शिरोरेषेला लटकते. म्हणून पेन्सिलीची आधाररेषा वर आखावी, खाली नव्हे. वेलांटी आणि मात्रा वर जातात, उकार खाली येतो, जोडाक्षर खाली लोंबते. त्यामुळे दोन ओळींमध्ये अक्षराच्या उंचीइतकीच मोकळी जागा सोडायला मी सांगतो. पुस्तिकेसाठी ए-४ आकाराचे पान त्याच्या निम्म्या, ए-५ कागदावर आणताना झेरॉक्स यंत्र त्याची लांबी-रुंदी सुमारे ७१ टक्के करते, म्हणजे मूळ पानावर ५ मिलिमीटरचे अक्षर छापील पानावर साडेतीन मिलिमीटरच उरते. त्याहून लहान लिहिलेला ‘शत्रुत्व’ हा शब्द शाईचा ठिपका होऊन बाहेर येतो.

‘भाग पहिला’

दुसऱ्याच दिवशी एखादा मुलगा मुखपृष्ठ घेऊन येतो. त्यावर नायकाचे नाव, झगा, वीज, कोपऱ्यात ‘भाग १’ आणि ‘किंमत १० रुपये’ असते. आत काहीही नसते आणि पुढेही काही येत नाही. या मुलाचा उत्साह मोडू नये म्हणून त्याला ‘छान, पुढे काढ’ म्हणणारे शिक्षकच त्याचे सर्वांत मोठे नुकसान करतात, असे माझे स्पष्ट मत आहे. दीर्घकथेचा आराखडा करण्यात पूर्ण सत्र जाते, नायकाचा चेहरा तिसऱ्या पानापर्यंत तीन वेळा बदलतो आणि मग मूल कंटाळून यायचे थांबते.

पहिले काम चारच चौकटींचे द्यावे आणि ते पुरे झाल्याशिवाय दुसरे काही देऊ नये. शरद शर्मा यांच्या वर्ल्ड कॉमिक्स इंडिया या संस्थेने गावोगावच्या, चित्रकलेचा गंधही नसलेल्या लोकांकडून जी भित्तिपत्रक-कॉमिक्स करून घेतली, त्यांचा साचा हाच आहे: दोन ए-४ कागद जोडायचे, चार चौकटी आखायच्या, झेरॉक्स काढायची आणि भिंतीवर लावायची. चार चौकटींत प्रसंग, अडचण, वळण आणि शेवट एवढेच मावते, म्हणून मुलाला निवड करावी लागते. विषयही जवळचा घ्यावा. वर्गातली पहिल्या बाकाची भांडणे, नळाला पाणी येण्याची वेळ, खिचडीच्या रांगेतली वशिलेबाजी. ‘पर्यावरण वाचवा’ हा विषय फळ्यावर लिहिला, की सगळ्या पानांवर रडणारे झाडच येते.

छपाईचे गणित

पुस्तिका करायची असेल तर पाने चारच्या पटीत हवीत, कारण कागद मधोमध दुमडला की त्याची चार पाने होतात. सात पानांच्या गोष्टीचे काय करायचे, हा प्रश्न झेरॉक्सच्या दुकानात उभे राहून सोडवू नये. आठ पानांच्या पुस्तिकेत पहिल्या कागदाच्या एका बाजूला आठवे आणि पहिले पान येते व पाठीमागे दुसरे आणि सातवे. दुसऱ्या कागदावर सहावे आणि तिसरे, पाठीमागे चौथे आणि पाचवे. मी कोऱ्या कागदांची दुमडून, आकडे टाकून एक नमुना पुस्तिका करतो आणि तीच दुकानदाराला देतो, कारण तोंडी सांगितलेला क्रम गर्दीच्या वेळी कोणाच्याच लक्षात राहत नाही. पानाच्या चारही कडांना किमान एक सेंटिमीटर मोकळी जागा सोडावी, कारण यंत्र कडेपर्यंत छापत नाही. पेन्सिलीची नाजूक छटाही झेरॉक्समध्ये उतरत नाही. छटा हवी असेल तर शाईच्या रेघा किंवा ठिपके काढायला शिकवावे.

या चुकांना एकेक ओळ पुरे

‘चित्रकला चांगली’ असलेलीच मुले निवडू नयेत, कारण काड्यांच्या माणसांत उत्तम गोष्ट सांगणारी मुलगी नेहमी मागच्या बाकावर असते. ‘राजू पळाला’ असे लिहून त्याखाली पळणारा राजू काढू देऊ नये. चित्राला शब्दाशिवाय किती बोलता येते हे दाखवायचे असेल, तर शि. द. फडणीस यांची एक-दोन शब्दविरहित हास्यचित्रे पुरेशी आहेत. सगळ्या चौकटींत माणसे डोक्यापासून पायापर्यंत दिसत असतील, तर निदान एकीत तरी जवळून चेहरा किंवा हात मागावा. रंगाच्या पेट्या पहिल्या आठवड्यात कुलुपातच राहू द्याव्यात. मोबाइलवर तयार चित्रे बनवून चौकटीत टाकण्याचा मार्ग ज्यांना हवा असेल त्यांनी तो घरी वापरावा. त्यात मुलाने पाहिलेले, निरखलेले काहीच नसते आणि ते पानावर लगेच कळते.

वेळेबाबतही अनेकांचा हिशेब चुकतो. शाळा सुटल्यावर आलेले मूल भुकेले असते, त्यामुळे पहिली दहा-पंधरा मिनिटे डबा खाण्यात जाणार हे गृहीत धरावे. बाहेरगावच्या मुलांच्या शेवटच्या सोयीच्या एसटीची वेळ विचारूनच सत्राचा शेवट ठरवावा, नाहीतर कार्यशाळा गावातल्याच मुलांची होऊन बसते. दहावीची मुलेही येत असतील तर ती दिवाळीनंतर सराव परीक्षांत अडकतात, म्हणून त्यांचे काम त्याआधीच छापून व्हावे.

राहता राहिले प्रदर्शन. स्नेहसंमेलनात मूळ पाने फलकावर डिंकाने चिकटवण्याची पद्धत बंद करावी. फलकावर झेरॉक्स लावावी, मूळ पाने मागे मुलाचे नाव आणि इयत्ता लिहून पुठ्ठ्याच्या फाइलमध्ये ठेवावीत आणि कार्यक्रम संपला की त्याच संध्याकाळी ती मुलांच्या हातात परत द्यावीत. ‘सोमवारी देतो’ म्हणून कपाटात गेलेली पाने पुढच्या वर्षी रद्दीबरोबर निघतात.