स्कूटीचा टायर घेताना

परभणी-जिंतूर रस्त्यानं मी रोज ॲक्टिव्हावर शाळेत जाते. उन्हाळ्यात तापलेलं डांबर अन् बाराही महिने बाभळीचे काटे, त्यामुळं टायर मी स्वतः बघूनच घेते.

आधी जुन्या टायरवरचं माप वाचा. ॲक्टिव्हा ६जीला पुढं ९०/९०-१२ अन् मागं ९०/१००-१० लागतो. ‘जाड टाका, ग्रिप येईल’ असं कुणी म्हणलं तरी माप बदलू नका. टायर घासतो, ॲव्हरेज पडतं. मापापुढं ५३जे असेल, तर ५३ म्हणजे २०६ किलो भार अन् जे म्हणजे ताशी १०० किलोमीटरची मर्यादा. यापेक्षा कमीचा नको, आपण डबलसीट अन् वर पिशव्या घेऊन फिरतो.

मग तारीख. बाजूला चार आकडे असतात: २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. मोबाईलची बॅटरी लावून बघा, दुकानदाराची भीड धरू नका. पत्र्याच्या शेडात उन्हाळे काढलेला टायर दिसतो कोरा, पण रबर कडक झालेलं असतं. दाबून वाकवला की बारीक भेगा उघडतात. स्वस्त मिळाला तरी तो घेऊच नका.

रिम ट्यूबलेसची असेल तर ट्यूबलेसच घ्या. काटा घुसला तरी हवा सहसा हळू जाते, गाव गाठता येतं. व्हॉल्व्हही नवा टाका. टायरवरचा बाण चाक फिरतं त्याच दिशेला आहे ना, हे तिथंच उभं राहून बघा. नवा टायर सुरुवातीला निसरडा असतो. पहिले शंभरेक किलोमीटर वळणावर सांभाळून.