आर्किटेक्टच्या वेबसाइटवर फोटो असतात, माहिती नसते: या चुका टाळा

घर पूर्ण होतं, फोटोग्राफर येऊन जातो आणि मग आर्किटेक्टच्या ऑफिसमधून मला फोन येतो, ‘आता याबद्दल काय लिहायचं?’ चूक तिथे होत नाही. ती दोन वर्षांपूर्वी, पाया खोदला तेव्हाच झालेली असते.

कोकणातलं जांभ्याचं घर घ्या. चिरे कुठल्या खाणीतून आणले, चिऱ्यांमधल्या दर्जा (सांधे) कशाने भरल्या, पावसाचा मारा भिंतीवर येऊ नये म्हणून छप्पर किती बाहेर काढलं, हे सगळं साइट सुपरवायझरला तोंडपाठ असतं. तो दुसऱ्या साइटवर गेला की माहितीही गेली. मग ‘प्रकाश आणि अवकाशाचा संवाद’ अशी कुठल्याही घराला चालेल अशी ओळ फोटोखाली येते. रत्नागिरीत घर बांधू पाहणाऱ्या माणसाला मात्र जांभ्याच्या भिंतीला ओल येते का, हे हवं असतं. त्याला तुमच्या वेबसाइटवर उत्तर मिळत नाही, पण ते तुमच्याकडे असतं, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून काम चालू असतानाच दर महिन्याला साइटवरून पाच मोबाइल फोटो आणि सुपरवायझरची दोन मिनिटांची व्हॉइस नोट प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये टाका. त्याला मराठीतच बोलू द्या. जे पुढे झाकलं जाणार आहे, म्हणजे प्लिंथ (जोतं), स्लॅबची सळई, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, त्याचे फोटो आधी. ते पुन्हा मिळत नाहीत.

पोस्ट बूस्ट करण्याआधी, म्हणजे पैसे देऊन ती जास्त लोकांना दाखवण्याआधी, व्यवसायाचे नियम वाचा. १९७२ च्या आर्किटेक्ट्स कायद्याखालील १९८९ च्या आचारनियमांत जाहिरातीवर बंधनं आहेत. आपल्या कामाची चित्रं आणि वर्णन माध्यमांत येऊ देता येतं, पण त्यासाठी पैसे द्यायचे किंवा घ्यायचे नाहीत. ‘पेड फीचर’ची मेल आली की हे आठवावं.

वेबसाइट उघडायला वेळ लागत असेल तर बहुतेक वेळा कॅमेऱ्यातली मूळ फाइल जशीच्या तशी चढवलेली असते. फोटोची रुंदी २,००० पिक्सेलच्या आसपास आणा, वेबपी (WebP) हा हलक्या फाइलचा फॉरमॅट वापरा. मुख्य चित्र २.५ सेकंदांच्या आत दिसावं, असा गूगलचा निकष आहे. इन्स्टाग्रामसाठी उभ्या फ्रेम शूटच्याच दिवशी मागून घ्या. आडवा फोटो उभा कापला की घराच्या दोन्ही बाजू जातात.

रेंडर (कॉम्प्युटरवर बनवलेलं घराचं चित्र) आणि प्रत्यक्ष फोटो एकाच गॅलरीत मिसळू नका, रेंडरवर तसं लिहा. फोटो कुठे, किती काळ वापरता येतील हे फोटोग्राफरकडून लेखी घ्या. राहत्या घराचं लोकेशन आणि पूर्ण प्लॅन मालकाला विचारल्याशिवाय टाकू नये. त्यात त्याच्या सुरक्षेचा प्रश्न असतो.

एका ऑफिसचं इन्स्टाग्राम खातं इंटर्नच्या मोबाइल नंबरवर उघडलं होतं. ती नोकरी सोडून गेली आणि तो नंबरही बंद झाला; आम्हाला खातं परत मिळालंच नाही. डोमेन, ईमेल, खाती, सगळं फर्मच्या नावावर हवं.

जुन्या कामांची नोंदच नसेल तर ऑक्टोबरमध्ये, पाऊस सरल्यावर, त्या घरी जा. तेव्हा आकाश स्वच्छ असतं आणि झाडंही हिरवी असतात. फोटो काढाच, पण आधी मालकांना विचारा, ‘यंदा ओल कुठे आली?’ त्यांची परवानगी असेल तर ते उत्तर जसंच्या तसं छापा.