‘मारलं’ म्हणजे नक्की काय केलंस? मॅजिकच्या टेबलावरचा वाद कसा सोडवावा

बदाम सात खेळताना वाद झाला तर आजी नाहीतर आत्या निकाल देते आणि डाव पुढे सरकतो, कारण सगळे नियम पाच मिनिटांत सांगून होतात. मॅजिक: द गॅदरिंगचं तसं नाही. रिचर्ड गारफिल्डचा हा खेळ १९९३ साली आला. आजवर त्यात २५ हजारांहून जास्त वेगवेगळी कार्डं निघाली आहेत आणि त्यातलं जवळजवळ प्रत्येक कार्ड आपला स्वतःचा एखादा नियम घेऊन टेबलावर येतं. कुठली दोन कार्डं कधी आमनेसामने येतील याचा हिशोब कार्डं काढणाऱ्यांनाही आधी मांडता येत नाही. त्यामुळे वाद होणारच. तो पाच मिनिटांत मिटवायचा की चहा गार होईपर्यंत ताणायचा, एवढंच आपल्या हातात असतं.

मित्रमंडळींच्या टेबलावर बिनपगारी पंच म्हणून बरीच वर्षं काढल्यावर माझं एक मत झालंय. कार्डं इंग्रजीत असतात आणि आपण भांडतो मराठीत. मधल्या मध्ये कार्डावरचा नेमका शब्द गळून पडतो आणि त्याच्या जागी आपला एखादा ऐसपैस शब्द येऊन बसतो. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या गळालेल्या शब्दापर्यंत परत पोचण्यासाठी आहेत. (जाता जाता: २००१ साली ‘फंगल शॅम्बलर’ नावाचं एक कार्ड चक्क संस्कृतमध्ये छापलं होतं. मराठीत मात्र एकही नाही.)

पहिली पायरी: हात टेबलावरून काढा

वाद सुरू झाला की कुणीतरी आपलं क्रीचर (लढणाऱ्या प्राण्याचं कार्ड) उचलून ग्रेव्हयार्डात (मेलेल्या आणि वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगात) टाकतो, दुसरा ते परत ठेवतो, तिसरा तेवढ्यात पुढचं कार्ड ओढून मोकळा होतो. मग मूळ प्रश्नाचं उत्तर मिळालं तरी ते लावायचं कुठे हेच कळत नाही. म्हणून आधी सगळं जिथल्या तिथे राहू द्या आणि चार गोष्टी मोठ्याने बोला: टर्न कुणाचा, टर्नचा कुठला टप्पा, स्टॅकवर (टाकलेल्या पण अजून अमलात न आलेल्या गोष्टींच्या चळतीत) काय काय आहे, कुणाचं लाइफ (उरलेला जीव) किती. चुकून कार्ड ओढलं गेलं असेल तर ते हातातल्या कार्डांत मिसळू नका, बाजूला पालथं ठेवा.

माझा अनुभव असा की पुष्कळ वाद इथेच संपतात. ‘अरे, मला वाटलं तू अजून अटॅक जाहीरच केला नाहीस’ असं कुणीतरी म्हणतं आणि विषय बंद.

दुसरी पायरी: कार्ड वाचा, आणि आजचं वाचा

आठवणीतून कार्ड सांगू नका. दोन्ही कार्डं शब्द न गाळता मोठ्याने वाचायची, आणि ज्याचं कार्ड नाही त्याने वाचायची. आपलं कार्ड वाचताना माणूस आपल्या सोयीचा शब्द जोरात म्हणतो.

आता एक मेख. हातातल्या कार्डावर छापलेला मजकूर अंतिम नसतो. प्रत्येक कार्डाचा एक अधिकृत चालू मजकूर असतो, त्याला ऑरॅकल म्हणतात, आणि कार्ड कितीही जुनं असलं तरी तोच लागू होतो. गॅदरर किंवा स्क्रायफॉल या संकेतस्थळांवर कार्डाचं नाव टाकलं की तो दिसतो, शिवाय खाली त्या कार्डाबद्दल आधीच दिलेली स्पष्टीकरणंही असतात. तुमचा वाद याआधी दुसऱ्या कुणीतरी घातलेला असण्याची शक्यता दांडगी आहे.

खेळाची भाषा बदलत आली आहे. ‘कम्स इंटू प्ले’चं (म्हणजे कार्ड टेबलावर येण्याचं) २००९ मध्ये ‘एंटर्स द बॅटलफील्ड’ झालं, २०२४ मध्ये नुसतं ‘एंटर्स’ उरलं. याच २००९ साली लढाईतलं डॅमेज (इजा) स्टॅकवर ठेवणं बंद झालं. कॉलेजात खेळलेला आणि बऱ्याच वर्षांनी परत आलेला मित्र डॅमेज स्टॅकवर ठेवून क्रीचर सॅक्रिफाइस करू (बळी देऊ) लागला, तर तो खोटं बोलत नाही. त्याच्या काळात ते बरोबर होतं.

तिसरी पायरी: ‘मारलं’ सोडून बोला

ही पायरी नीट झाली तर पुढच्या बऱ्याचदा लागतच नाहीत.

‘मी तुझं क्रीचर मारलं’ या वाक्याआड पाच वेगळ्या घटना दडलेल्या असतात: डिस्ट्रॉय केलं, डॅमेज देऊन संपवलं, सॅक्रिफाइस करायला लावलं, एक्झाइल केलं (खेळाबाहेर काढून ठेवलं), किंवा टफनेस (सोसण्याची ताकद) शून्यावर आणली. समोरच्या क्रीचरवर ‘इनडिस्ट्रक्टिबल’ लिहिलं असेल तर पहिल्या दोन्हींनी त्याला ढिम्म काही होत नाही. उरलेल्या तिन्हींनी ते जातं. टफनेस शून्य झालेलं क्रीचर डिस्ट्रॉय होतच नाही, खेळ त्याला थेट ग्रेव्हयार्डात टाकतो, त्यामुळे इनडिस्ट्रक्टिबलला तिथे बोलायला जागाच नसते. आणि एक्झाइल झालेलं क्रीचर मेलेलं नसतं, म्हणून ‘हे मेल्यावर एक कार्ड ओढा’ असं त्यावर लिहिलं असलं तरी कार्ड मिळत नाही.

‘थांबवलं’चीही तीच गत. मुळात काउंटर हा शब्दच दोन अर्थांनी येतो: स्पेल (टाकलेलं कार्ड) हाणून पाडणं आणि क्रीचरवर ठेवलेली +१/+१ची (पॉवर आणि टफनेस एकेकाने वाढवणारी) खूण. त्यात नव्या खेळाडूला वाटतं की क्रीचर घालवलं की त्याची ॲबिलिटीही (कार्डावर लिहिलेली करामत) थांबली. प्रॉडिगल सॉर्सरर हे क्रीचर टॅप करून (आडवं करून) समोरच्याला एक डॅमेज द्यायचं ठरवलं आणि त्याने उत्तरादाखल सॉर्सररच उडवला, तरी ते एक डॅमेज बसतं. ॲबिलिटी एकदा स्टॅकवर गेली की तिचा मालक जिवंत आहे की नाही याच्याशी तिला देणंघेणं नसतं. बाण सुटल्यावर धनुष्य मोडून काय उपयोग.

‘माझ्या क्रीचरला तू हात लावू शकत नाहीस’ हे तिसरं वाक्य. कार्डावर बहुधा ‘हेक्सप्रूफ’ असतं, म्हणजे विरोधकाला त्याला टार्गेट करता येत नाही. पण रॅथ ऑफ गॉड हे कार्ड कुणालाच टार्गेट करत नाही, सरसकट सगळी क्रीचर्स डिस्ट्रॉय करतं. हेक्सप्रूफवालंही त्यात जातं. कार्डावर ‘टार्गेट’ हा शब्द आहे का, एवढंच बघायचं. (ऑरा नावाची चिकटवायची कार्डं स्पेल म्हणून टाकताना टार्गेट करतात आणि नियम ‘एन्चँट’ या शब्दात लपलेला असतो, तेवढा अपवाद लक्षात असू द्या.)

चौथी पायरी: भांडण कुठल्या जातीचं आहे ते ओळखा

शब्द हाती आले आणि तरीही गाडी अडली, तर प्रश्न साधारण तीन घराण्यांपैकी एका घराण्यातला असतो.

पहिलं घराणं ‘आधी काय’चं. १९९९च्या सहाव्या आवृत्तीपासून स्टॅक आहे: शेवटी ठेवलेलं आधी उलगडतं (अमलात येतं), ताटांच्या चळतीसारखं. तुमच्या २/२ (पॉवर म्हणजे माराची ताकद दोन, टफनेस दोन) क्रीचरवर मी लाइटनिंग बोल्टचं तीन डॅमेज टाकलं आणि तुम्ही उत्तरादाखल जायंट ग्रोथ टाकलं, तर ते आधी ५/५ होतं आणि वाचतं. उलट तुम्ही ग्रोथ टाकलंत आणि मी उत्तरादाखल बोल्ट टाकला, तर क्रीचर मरतं आणि ग्रोथ वाया जातं. कार्डं तीच, निकाल उलटा. म्हणून स्टॅकवरची कार्डं खरोखर एकावर एक रचून दाखवा. तोंडी हिशोबात हमखास घोळ होतो.

या घराण्यातलं माझं लाडकं उदाहरण टार्मोगॉइफचं. सगळ्या ग्रेव्हयार्डांत मिळून कार्डांचे जितके प्रकार असतील तितकी त्याची पॉवर, आणि टफनेस त्याहून एक जास्त. ग्रेव्हयार्डांत फक्त लँड (जमिनीची कार्डं) आणि क्रीचर आहेत, म्हणजे तो २/३. त्यावर बोल्ट पडला. तीन टफनेसवर तीन डॅमेज, मेला म्हणायचा? नाही. बोल्ट उलगडून होताना शेवटचं काम म्हणून स्वतः ग्रेव्हयार्डात जातो. मेलेल्यांची झाडलोट खेळ त्यानंतर करतो. तोवर बोल्टचा स्वतःचा, इन्स्टंट हा तिसरा प्रकार ग्रेव्हयार्डात आलेला असतो आणि टार्मोगॉइफ ३/४ झालेला असतो. वाचला. अर्थात आधीच एखादं इन्स्टंट तिथे पडलेलं असेल तर हा चमत्कार घडत नाही, म्हणून आधी ग्रेव्हयार्ड मोजा.

दुसरं घराणं ‘त्याऐवजी’चं. कार्डावर ‘व्हेन’, ‘व्हेनेव्हर’ किंवा ‘ॲट’ने सुरुवात असेल तर तो ट्रिगर: घटना घडते, मग तो स्टॅकवर जातो, त्याला उत्तर देता येतं. ‘इन्स्टेड’ असेल तर मूळ घटना त्या रूपात घडतच नाही, स्टॅकवर काही जात नाही आणि मध्ये तोंड घालायला कुणाला संधी नसते. असे दोन बदल एकाच घटनेवर आले, तर ज्याच्यावर किंवा ज्याच्या वस्तूवर परिणाम होतोय तो क्रम ठरवतो. समजा तुमच्याकडे हार्डन्ड स्केल्स (एक काउंटर जास्त) आणि डबलिंग सीझन (काउंटर दुप्पट) दोन्ही आहेत आणि तुमच्या क्रीचरवर एक +१/+१ काउंटर येतोय. आधी एक वाढवून मग दुप्पट केलं तर चार, आधी दुप्पट करून मग वाढवलं तर तीन. निवड तुमची, म्हणजे चार.

तिसरं घराणं सगळ्यात किचकट: दोन परिणाम एकाच वेळी चालू आहेत, तर क्रीचर शेवटी दिसतं कसं? यासाठी नियमांत सात थर आहेत, त्यांना लेयर्स म्हणतात: कॉपी, ताबा, मजकूर, प्रकार, रंग, ॲबिलिटी आणि शेवटी पॉवर-टफनेस. सातव्या थराचेही पोटथर आहेत. आकडा ठरवून देणारे परिणाम आधी, मिळवणारे-वजा करणारे नंतर. म्हणून २/२ क्रीचरवर आधी जायंट ग्रोथ टाकलं आणि नंतर टर्न टू फ्रॉगने त्याचा १/१ बेडूक केला, तरी बेडूक ४/४च निघतो. कोण आधी आलं याला इथे अर्थ नाही.

एकाच थरात दोघं भेटले तर आधी आलेला आधी लागू होतो. पण त्यालाही अपवाद आहे. ब्लड मून हे कार्ड म्हणतं, सगळ्या नॉनबेसिक (साध्या मूळ लँड सोडून बाकीच्या) लँड माउंटन आहेत. अर्बोर्ग, टूम ऑफ यॉगमॉथ म्हणतं, प्रत्येक लँड स्वॅम्पही आहे (माउंटन आणि स्वॅम्प हे लँडचे मूळ प्रकार). अर्बोर्ग स्वतःच नॉनबेसिक लँड! ब्लड मून लागू झालं की अर्बोर्गचं तोंडच बंद होतं, म्हणून अर्बोर्ग कितीही आधी आलेलं असो, नियम ब्लड मूनला पुढे घेतो. अर्बोर्ग नुसतं माउंटन उरतं आणि कुणाचीच लँड त्याच्यामुळे स्वॅम्प होत नाही.

तीनही घराण्यांना दोन म्हातारे नियम पुरून उरतात. कार्ड आणि नियमपुस्तक भांडले तर कार्ड खरं: नियम १०१.१. एक कार्ड ‘करता येईल’ म्हणतं आणि दुसरं ‘करता येणार नाही’, तर ‘नाही’ जिंकतं: नियम १०१.२.

पाचवी पायरी: नियमपुस्तक उघडा, पण मधूनच

सर्वंकष नियम खेळ काढणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्टच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका, कादंबरी नाही ती. फाइलमध्ये आधी शेवटची शब्दसूची गाठा, हवा तो शब्द काढा, तिथे नियमाचा क्रमांक असतो. लेयर्स ६१३मध्ये, ‘इन्स्टेड’वाली मंडळी ६१४मध्ये, मघाची झाडलोट ७०४मध्ये. नियमाखालची उदाहरणं तर नक्कीच वाचा, पुष्कळदा उत्तर नियमात नाही, उदाहरणात सापडतं. चॅटबॉटला विचारायचा मोह टाळा. दोन कार्डांच्या भानगडीत तो न अडखळता चुकतो.

सहावी पायरी: उत्तर नाहीच मिळालं तर

घरच्या टेबलावर पाच मिनिटांची मुदत घाला. त्यात निकाल लागला नाही तर नाणं उडवा, डाव पूर्ण करा आणि खरं उत्तर रात्री शोधा. फक्त नाणं उडवायच्या आधी दोघांनीही ते मान्य करायचं.

स्पर्धेत मात्र यातलं काहीच करू नका. हात वर करून ‘जज!’ म्हणा. आपल्याकडे पुष्कळांना यात संकोच वाटतो, जणू समोरच्यावर चोरीचा आळ घेतोय. तसं काही नसतं. आपसात ठरवून चूक दुरुस्त करायला गेलात तर ती जास्त बिघडते. जज आला की घडलं ते क्रमाने सांगा, वकिली करू नका. हातातल्या कार्डाबद्दल विचारायचं असेल तर ‘बाजूला बोलू का?’ म्हणा, ते चालतं. जज नियम सांगेल, कुठली चाल खेळावी ते सांगणार नाही. निकाल पटला नाही तर हेड जजकडे दाद मागता येते, त्यानंतर मात्र विषय संपला. यात गेलेला वेळ भरून मिळतो, म्हणून घड्याळाकडे बघत घाई करू नका.

घरी आल्यावर तो निकाल वहीत लिहून ठेवा, कार्डांची नावं आणि तारखेसकट. तारीख महत्त्वाची. एकाच अटॅकरला तिघांनी ब्लॉक केलं तर डॅमेजसाठी आधी त्यांची रांग लावायची, अशी नोंद माझ्या वहीत ठळक अक्षरांत होती. नोव्हेंबर २०२४च्या फाउंडेशन्स संचासोबत तो नियम गेला. आता रांग नाही, डॅमेज देतानाच हवं तसं वाटायचं. ती ओळ मी लाल शाईने खोडली आणि शेजारी नवी तारीख घातली.