कॉम्प्रेसरच्या हर्मेटिक टर्मिनलचं पेटंट: क्लेम तपासायचा कसा

सीलबंद कॉम्प्रेसरच्या पोलादी शेलमधून आतल्या मोटरला वीज पोचवणारा तीन पिनांचा जो हवाबंद तुकडा (हर्मेटिक टर्मिनल) असतो, त्याची मूळ रचना फार जुनी आहे. कपासारखी पोलादी बॉडी, तिच्या तळाला भोकं, प्रत्येक भोकात एक पिन आणि पिन नि बॉडी यांच्या मधे वितळवून बसवलेली काच. एवढं सगळं आधीच माहीत असल्यामुळे नव्या अर्जात जे काही खरोखर नवं असेल, ते बहुधा काचेच्या आसपासच्या दोन-चार मिलिमीटरमध्ये असतं. अर्ज तपासताना ती जागा आधी सापडली पाहिजे, कायद्याची कलमं नंतर. पुढे नियम अमेरिकी पेटंट कार्यालयाचे धरले आहेत. अर्ज तपासणाऱ्याला आणि ऑफिस अॅक्शनला (कार्यालयाच्या लेखी आक्षेपांना) उत्तर देणाऱ्याला, दोघांनाही वाट तीच आहे.

आधी छेद-आकृती, मग मजकूर

अर्जातली उभा छेद दाखवणारी आकृती मोठी करून छापा आणि तिच्यावर पेनाने लिहा: शेलची आतली बाजू ही, बाहेरची बाजू ही. मजकुरात पुष्कळदा नुसतं 'पहिली बाजू' आणि 'दुसरी बाजू' म्हटलेलं असतं. कप कुठल्या दिशेला उघडा आहे, यावरून बाजू गृहीत धरू नका. स्पेसिफिकेशनमध्ये (अर्जातल्या सविस्तर वर्णनात) जिथे रेफ्रिजरंट, तेल किंवा दाब यांचा उल्लेख येतो, तिथून ती नक्की करा.

बाजू इतकी महत्त्वाची, कारण दोन्हीकडची दुखणी वेगळी आहेत. बाहेर ओल आणि धूळ असते. आत मोटरची वाइंडिंग जळली की कार्बन आणि धातूचे कण काचेवर बसतात, पिन आणि बॉडी यांच्यात वाहक पट्टा तयार होतो आणि आर्क सुटतो. पिन तापते, काच मऊ पडते आणि शेवटी दाबाखालचं तेल नि रेफ्रिजरंट टर्मिनलमधून बाहेर उसळतं. प्रायर आर्टमधलं (आधीपासून माहीत असलेल्या तंत्रातलं) रबरी आवरण बाहेरच्या बाजूचं असेल आणि क्लेममध्ये (अर्जदार ज्या रचनेवर हक्क सांगतो त्या वाक्यात) आतल्या बाजूचं आवरण लिहिलेलं असेल, तर तो संदर्भ, म्हणजे जुना कागद, क्लेमला सरळ लागू होत नाही.

मग साहित्य बघा. साध्या पोलादाचा प्रसरण गुणांक साधारण 12 (दर अंश सेल्सिअसला दशलक्षांश), क्रोमियमयुक्त 446 स्टेनलेस पिनेचा साधारण 10 आणि या कामाच्या काचेचा 9 च्या आसपास. भट्टीतून बाहेर आल्यावर बॉडी काचेपेक्षा जास्त आकसते आणि काचेला चारी बाजूंनी आवळून धरते; हेच कॉम्प्रेशन सील. काच दाब सोसते, ताण सोसत नाही; सीलची सगळी भिस्त यावर आहे. निव्वळ तांब्याची पिन का नसते, याचं उत्तरही इथेच मिळतं. तांब्याचा गुणांक 17 च्या घरात, त्यामुळे ते थंड होताना काचेपासून सुटू बघतं. म्हणून मोठ्या करंटसाठी आत तांब्याचा गाभा आणि बाहेर स्टेनलेसचं आवरण अशी पिन वापरतात. कोव्हारची (लोखंड-निकेल-कोबाल्ट मिश्रधातूची) पिन आणि बोरोसिलिकेट काच यांचं सील मात्र जुळणाऱ्या प्रसरणावर चालतं. त्या घराण्यातला संदर्भ कॉम्प्रेशन सीलच्या क्लेमवर लावताना 'साहित्य बदललं की झालं' असं म्हणून भागत नाही; तसं केल्यावर काच तडकणार नाही हे दाखवावं लागतं.

क्लेमचे तुकडे

उदाहरणासाठी एक काल्पनिक क्लेम घेऊ:

क) तळाला भोक असलेली धातूची बॉडी;
ख) भोकातून जाणारी वाहक पिन;
ग) दोघांमध्ये वितळवून बसवलेलं काचेचं सील;
घ) शेलच्या आतल्या बाजूला पिनेवर चढवलेली सिरॅमिकची स्लीव्ह;
च) स्लीव्हची खालची कड आणि काच यांच्यातली फट भरणारा लवचीक इन्सुलेटिंग पदार्थ.

क, ख, ग यांच्यावर वेळ घालवू नका, ते कुठल्याही जुन्या पेटंटात सापडतील. घ आणि च यांचा संबंध आकड्यांत मांडून बघा. भोकाचा व्यास 8 मिमी, पिन 3.2 मिमी. उघड्या काचेवरून पिनेपासून बॉडीपर्यंतचं अंतर (8 − 3.2) ÷ 2, म्हणजे 2.4 मिमी. आता 1 मिमी जाडीची, 6 मिमी उंचीची स्लीव्ह चढवली. विजेची पृष्ठभागावरून जाणारी वाट पिनेपासून स्लीव्हच्या माथ्यावर 1 मिमी, बाजूने खाली 6 मिमी आणि उरलेल्या काचेवर 1.4 मिमी, एकूण 8.4 मिमी झाली. कागदावर छान दिसतं. पण स्लीव्ह काचेला नुसती टेकलेली असेल, तर कडेखालच्या केसभर फटीत तेलाबरोबर कार्बन शिरतो आणि वाट परत 2.4 मिमीवर येते. म्हणजे च नसेल तर घ जवळजवळ शोभेचा आहे. हे लक्षात आलं की काय शोधायचं तेही कळतं: नुसती स्लीव्ह नको, स्लीव्हच्या बुडाशी सील केलेली जागा हवी.

काही शब्दांवर खूण करून ठेवा. 'कॉम्प्रायझिंग' असेल तर क्लेम उघडा. संदर्भात जास्तीचे भाग असले तरी चालतात. 'ऑन' या शब्दात मधे दुसरा थर असलेली मांडणीही येते, 'डायरेक्टली ऑन' मध्ये नाही. 'इन्सुलेटेड' म्हणजे पिन बॉडीपासून की पिना एकमेकींपासून, हे क्लेममधून कळत नसेल तर अमेरिकी पेटंट कायद्याच्या कलम 112(ब) खाली अस्पष्टतेचा आक्षेप येतो. 'मीन्स फॉर सीलिंग' लिहिलं असेल तर 112(फ) लागू होऊन अर्थ स्पेसिफिकेशनमधल्या काचेपुरता आणि तिच्या समतुल्य रचनांपुरता आवळला जातो. 'हर्मेटिक' शब्दाला गळतीच्या मर्यादेचा आकडा जोडलेला नसला, तरी तो हवेत सोडू नका. पॉलिमरमधून वायू हळूहळू झिरपतो, म्हणून निव्वळ इपॉक्सीने बुजवलेलं भोक या क्षेत्रातला माणूस हर्मेटिक म्हणेल का, हा प्रश्न रास्त आहे आणि अर्जदार तो विचारणारच.

शोध

पेटंटांच्या सीपीसी (को-ऑपरेटिव्ह पेटंट क्लासिफिकेशन) वर्गीकरणात पहिला दरवाजा एच01बी 17/305: काच किंवा सिरॅमिकमध्ये बसवून सील केलेल्या तारा. त्याच्या जोडीला एच01आर 13/521 (कनेक्टरमधलं सीलिंग), एच02के 5/225 (मोटरची टर्मिनल बॉक्स आणि जोडण्या), एफ04सी 23/008 (हर्मेटिक पंप) आणि त्याचा पूरक कोड एफ04सी 2240/803. काचेच्या मिश्रणावर क्लेम असेल तर सी03सी 8/24 आणि सी03सी 29/00 हेही बघा. सीपीसी 2013 मध्ये सुरू झालं. त्याआधीच्या अमेरिकी कागदांसाठी जुना वर्ग 174, उपवर्ग 152जीएम चाळून काढा. काच-धातू सीलचा मोठा साठा तिथे आहे आणि आकृत्या नुसत्या नजरेखालून घातल्या तरी काम होतं. शब्दशोधापेक्षा इथे आकृतीशोध जास्त फळतो, कारण एकाच वस्तूला कुणी टर्मिनल म्हणतं, कुणी फीडथ्रू, हेडर, आयलेट किंवा बुशिंग.

बॅटरी, रिले, व्हॅक्यूम ट्यूब यांचे हेडरही सोडू नका. क्षेत्र वेगळं असलं तरी अडचण तीच असेल, तर तो संदर्भ अॅनालॉगस आर्ट म्हणून चालतो. क्लेमच्या सुरुवातीला 'कॉम्प्रेसरसाठी' लिहिलेलं असणं हा बहुतेक वेळा नुसता वापराचा उल्लेख असतो आणि त्याने क्लेम बचावत नाही.

आक्षेप कुठे टिकतो, कुठे कोसळतो

समजा, संदर्भ अ मध्ये काचेवर उभी असलेली सिरॅमिक स्लीव्ह आहे. संदर्भ ब मध्ये स्लीव्ह नाही, पण काचेच्या आतल्या पृष्ठभागावर सिलिकॉनचा थर आहे आणि तो वाहक कण बसू नयेत म्हणून दिला आहे. अ मध्ये च नाही, म्हणून कलम 102 (एकाच संदर्भात सगळं असणं) बाद. कलम 103 (सहज सुचण्याजोगं असणं) खाली दोन्ही जोडता येतात. पण 'दोन्ही ज्ञात आहेत, म्हणून जोडणं सहज' हे वाक्य कारण म्हणून पुरत नाही. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स (2007) या निकालानंतरही जोडण्याचं कारण शब्दांत मांडावं लागतं. इथे ते तयार आहे: ब स्वतःच सांगतो की काचेचा पृष्ठभाग झाकला की विजेच्या गळतीचा प्रवाह रोखला जातो, आणि अ मध्ये स्लीव्हखाली तोच पृष्ठभाग उघडा राहिलाय. एवढं लिहिलं की आक्षेपाला पाय फुटतात.

सगळ्यात जास्त घसरगुंडी आकृतीवर पट्टी ठेवून अंतर मोजण्यात होते. पेटंटातल्या आकृत्या, तसं लिहिलेलं नसेल तर, प्रमाणात काढलेल्या नसतात. संदर्भाच्या आकृतीत फट 'साधारण अर्धा मिलिमीटर' दिसते, म्हणून 0.5 मिमीच्या मर्यादेवर आक्षेप घेतला तर तो उत्तरातल्या एका परिच्छेदाने उडतो. आकृतीतून रचना घ्या (काय कशाला लागून आहे, कोण वर, कोण खाली), आकडे मजकुरातूनच घ्या.

आकड्यांच्या मर्यादांचा हिशेब वेगळा. संदर्भात स्लीव्हची उंची 4 ते 7 मिमी आणि क्लेममध्ये 6 ते 8 मिमी असेल, तर मर्यादा एकमेकींवर येतात आणि प्रथमदर्शनी 103 चा आक्षेप उभा राहतो. मग त्या पट्ट्यात काही अनपेक्षित घडतं हे दाखवण्याचं ओझं अर्जदारावर जातं. उंची वाढवली की पृष्ठभागावरचं अंतर वाढतं, हे अनपेक्षित नाही. ती शाळेतली भूमिती आहे.

पिनेला मुद्दाम बारीक केलेल्या गळ्याचे क्लेमही या क्षेत्रात वारंवार येतात. करंट बेसुमार वाढला तर काच मऊ व्हायच्या आत तो गळा वितळावा आणि वीज तुटावी, अशी योजना. जुन्या संदर्भात पिनेला तशीच खाच असते, फक्त ती कनेक्टर अडकवण्यासाठी असते. हेतू वेगळा असल्याने क्लेम सुटत नाही. इन री श्रायबर (1997) या खटल्यात पॉपकॉर्न ओतण्याच्या झाकणाचा क्लेम तेलाच्या बुधलीच्या तोटीवर आपटून पडला होता! पण ती खाच काचेआधी वितळेलच, हे परीक्षकाने 'कदाचित' म्हणून चालत नाही. खाचेची जागा, छेदाचं क्षेत्रफळ आणि धातू क्लेमशी जुळतात हे दाखवलं की ओझं पलटतं. मग अर्जदाराने वितळण्याचा हिशेब किंवा चाचणी आणावी. खाच बाहेरच्या बाजूला असेल किंवा क्लेमपेक्षा खूप उथळ असेल, तर अर्जदाराची बाजू भक्कम असते.

क्लेममध्ये '950 अंशांवर भट्टीत तापवून बनवलेलं सील' असं लिहिलं असेल, तर वस्तूच्या क्लेममध्ये त्या तापमानाला स्वतःचं वजन नाही. त्या प्रक्रियेमुळे तयार वस्तूत काही वेगळं दिसतं का, एवढंच बघायचं.

उत्तर देताना

पहिल्या ऑफिस अॅक्शनला साधारणपणे 3 महिने मिळतात. फी भरून मुदत जास्तीत जास्त 6 महिन्यांपर्यंत नेता येते. उत्तरात आधी क्लेमची दुरुस्ती, मग युक्तिवाद. वरच्या उदाहरणात उपयोगी दुरुस्ती अशी: लवचीक पदार्थ काचेला आणि स्लीव्हच्या कडेला दोन्हीकडे चिकटलेला आहे आणि पिनेभोवती अखंड कडं बनवतो. पण हे 'अखंड कडं' मूळ स्पेसिफिकेशनमध्ये किंवा निदान आकृतीत दिसलं पाहिजे, नाहीतर 112(अ) खाली नवा मजकूर घुसवल्याचा आक्षेप येतो. अर्ज लिहितानाच अशी दोन-तीन मागे सरकण्याची ठिकाणं मजकुरात पेरून ठेवावीत.

नियम 1.132 खाली चाचण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं असेल तर नमुने तीन घ्या: उघडी काच, फट न भरलेली स्लीव्ह आणि फट भरलेली स्लीव्ह. पिन, काच, बॉडी तिन्हींत एकच. कार्बन मिसळलेलं तेल सारख्याच प्रमाणात लावा, मग इन्सुलेशन रेझिस्टन्स आणि हाय-पॉट (जास्त व्होल्टेज सोसण्याची क्षमता) मोजा. पुष्कळ प्रतिज्ञापत्रं उघड्या काचेशी तुलना करतात आणि तिथेच वाया जातात, कारण तुलना सर्वांत जवळच्या प्रायर आर्टशी, म्हणजे दुसऱ्या नमुन्याशी व्हायला हवी. दुसरी खोट व्याप्तीची. चाचणी एका सिलिकॉनची आणि क्लेम 'कोणताही लवचीक पदार्थ', हे जुळत नाही. एकतर क्लेम आवळा, नाहीतर आणखी दोन पदार्थांच्या चाचण्या जोडा.

अंतिम नकार आल्यावर दोन मोठे रस्ते: नवी दुरुस्ती किंवा नवा पुरावा हाताशी असेल तर आरसीई (फी भरून तपासणी पुढे चालू ठेवण्याची विनंती), आणि वाद फक्त संदर्भाच्या वाचनाचा असेल तर अपील बोर्ड. नवा पुरावा नसताना आरसीई टाकणं म्हणजे त्याच युक्तिवादाला दुसऱ्यांदा फी भरणं.

या सगळ्याआधी विक्रीची तारीख तपासून घ्या. टर्मिनल बनवणारा आणि कॉम्प्रेसर बनवणारा सहसा वेगवेगळे असतात, आणि नमुने बिल करून अर्जाच्या कितीतरी आधी पोचलेले असतात. हेलसिन विरुद्ध तेवा (2019) च्या निकालानुसार गुप्ततेच्या कराराखाली झालेली विक्रीही प्रायर आर्ट ठरू शकते. अमेरिकेत संशोधकाला अशा विक्रीनंतर अर्ज करायला एक वर्षाची सवलत आहे. पहिलं बिल त्याच्याही पलीकडचं निघालं, तर विकलेल्या नमुन्यात नसलेल्या भागावरच क्लेम बेतावा लागतो.